चुणी

पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की मिरचीचा बाजार आठवतो. मिरची वेचणाऱ्या आणि सुईदोरा धरणाऱ्या हातांना जोडणारा एक जुना शब्द मला फार आवडतो: चुणी.

संस्कृतात ‘चिनोति’ म्हणजे वेचणे, गोळा करणे. प्राकृतात त्याचं ‘चुणइ’ झालं. हिंदीत त्यातून ‘चुनना’ आणि ‘चुनाव’ आले. मराठीनं ‘चुणणे’ कापडासाठी राखून ठेवलं.

याचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर चिंध्यांचं ‘यो-यो’ फूल करावं. बशी ठेवून कापड गोल कापायचं, कड आत दुमडून धावदोरा घालायचा नि दोरा ओढायचा. सगळी कड चुण्या पडून मध्यावर गोळा होते. फूल मूळ गोलाच्या जेमतेम निम्मं भरतं. टाके लांब घातले की मधलं भोक लहान राहतं. मशीनवरही लांब टाका मारून दोरा ओढता येतो; पण हाताची चुणी अधिक नेटकी बसते, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडात या फुलाला ‘सफोक पफ’ म्हणतात. आपण ‘चुणीफूल’ म्हणूया. पुढच्या गोधडीच्या कोपऱ्यावर एक तरी लावा.