घोड्यांची ट्राम

सातवीच्या वर्गात मुंबईच्या जुन्या ट्रामची गोष्ट सांगत होतो. एका मुलीने मध्येच विचारले, "सर, दिवसभर गाडी ओढून घोडे दमत नसत का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन मात्र पुस्तके काढून बसलो.

ठराविक वाटेने, कुणालाही पैसे देऊन बसता येईल अशी घोड्यांची 'ऑम्निबस' फ्रान्सच्या नान्त शहरात १८२६ साली निघाली. तीन वर्षांनी लंडनने तिचे अनुकरण केले. पण दगडी रस्त्यांवर ती ओढताना जनावर मेटाकुटीला येई. १८३२ साली न्यूयॉर्कमध्ये रस्त्यातच रूळ घातले गेले. लोखंडी चाक रुळावर हलके फिरते; तेवढ्याच घोड्यांना कितीतरी जास्त माणसे ओढता येऊ लागली. घोडा तोच, ओझे मात्र वाढले!

मुंबईत ही ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, तेही तिकिटावाचून! गर्दी वाढताच ते दोन आण्यांवर आले आणि त्याच वर्षी तिकिटेही निघाली. काही गाड्यांना एक घोडा, काहींना दोन. आमच्या नाशकातही पुढे स्टेशनापासून गावात घोड्यांचीच ट्राम येई. आजोबा तिच्याबद्दल ऐकीव गोष्टी सांगत.

आता त्या मुलीचे उत्तर. घोडे दमत, आणि ते मालकांना पुरते ठाऊक होते. घोड्याला दिवसातून चारपाच तासच जुंपता येई, म्हणून एकेका गाडीमागे घोड्यांच्या अनेक जोड्या ठेवाव्या लागत. मुंबईच्या स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते म्हणतात. गाडी उभी राहिली तरी घोड्याचे पोट थांबत नाही. दाणावैरण, नाल, मोतद्दार, शेण उचलणे, सगळा खर्च चालूच. माझ्या मते विजेने घोड्याला हरवले ते वेगापेक्षा या हिशेबात. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम आली. तीही ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची धावली.

कंपनीच्या कचेरीच्या जागी कुलाब्याला आता इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे. सहलीत मुलांना ते दाखवले. ती मुलगी बराच वेळ इमारतीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "पण सर, नंतर त्या घोड्यांना कुणी घेतलं?"

अजून शोधतो आहे.