शाखा गावात, मंजुरी हेड ऑफिसची : क्लाउडचा छोटासा इतिहास

२० ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळीत अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारखी ॲप्स ठिकठिकाणी बंद पडली. कारण काय, तर पत्त्यांची नोंद सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेनं एका महत्त्वाच्या डेटाबेसचा पत्ताच कोरा करून टाकला! ॲमेझॉनची सर्व्हर केंद्रं २०१६ पासून मुंबईतही आहेत. मग एका व्हर्जिनियावर एवढं काय अडतं?

त्यासाठी थोडं मागं जाऊ.

१९६१ मध्ये एमआयटीत जॉन मॅकार्थी म्हणाले होते की, टेलिफोनसारखीच कॉम्प्युटिंगही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. तेव्हा मोठं यंत्र एकच आणि वापरणारे अनेक. पुढं पीसी आला, यंत्र टेबलावर आलं. २००६ मध्ये ॲमेझॉननं भाड्यानं सर्व्हर द्यायला सुरुवात केली आणि कारभार पुन्हा दूरच्या इमारतींत गेला.

दूर म्हणजे किती? मुंबई ते व्हर्जिनिया सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीला जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. एका व्यवहारात अशा दहा-बारा फेऱ्या झाल्या की गोल चक्र फिरत बसतं. कितीही पैसे ओता, प्रकाशाचा वेग वाढत नाही.

यावर १९९८ मध्ये एमआयटीचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी अकामाई कंपनी काढली. फोटो, पानं यांच्या प्रती लोकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवायच्या. हीच 'एज'ची सुरुवात. पण जवळ आल्या त्या मुख्यतः प्रती, खरं काम दूरच राहिलं.

२०१४ मध्ये ॲमेझॉनचं लॅम्बडा आलं. काम आलं की कोड चालतो, संपलं की थांबतो, पैसे तेवढ्याचेच. याला म्हणतात 'सर्व्हरलेस'. सर्व्हर असतोच, फक्त त्याची उठाठेव आपल्याकडे नसते. २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअर आणि ॲमेझॉननं हाच कोड एजवर चालवायला सुरुवात केली. झटपट निर्णय जवळ, कायमची नोंद मोठ्या क्लाउडमध्ये. जोडी उत्तम आहे, वादच नाही.

पण खरी मेख पुढं आहे. ॲमेझॉनच्या लॅम्बडा ॲट एजचा कोड जगभर चालतो, मात्र तो तयार करून जमा करावा लागतो व्हर्जिनियातच. शाखा आपल्या गावात, मंजुरी हेड ऑफिसची! काम जवळ आलं, ताबा आला नाही.

आज सातबारा, वीजबिल, दवाखान्याचे केसपेपर सगळं ऑनलाइन होतंय. टेंडर काढताना 'डेटा भारतात आहे का?' हे विचारायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबू नका. दूरचं केंद्र बंद पडलं तर इथलं काम किती तास चालेल आणि ते चालू ठेवण्याचे अधिकार इथल्या कुणाकडे आहेत, हेही लेखी घ्या. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हा प्रश्न जरूर विचारा.