संतपदघोषणा (कॅननायझेशन)

दिवंगत ख्रिस्ती व्यक्तीला संत म्हणून मान्यता देणारा पोपचा अंतिम निर्णय. मूळ ग्रीक शब्द ‘कानोन’, म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी. त्यामागे बोरू किंवा वेत या अर्थाचा जुना सेमिटिक शब्द आहे. मोजपट्टीवरून नियम, नियमावरून प्रमाण यादी असा अर्थ सरकत गेला आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘यादीत घेणे’ हे क्रियापद रूढ झाले. पोप कोणाला संत बनवत नाही, स्वर्गस्थ व्यक्तीचे नाव जाहीर करतो, ही चर्चची भूमिका या व्युत्पत्तीशी जुळते.

आरंभी हुतात्म्यांच्या थडग्यांशी जमणारे भाविक आणि स्थानिक बिशपच संत ठरवत. पोपने केलेली पहिली नोंदलेली घोषणा ९९३ मधली, ऑग्सबर्गचे बिशप उलरिक यांची. १२३४ पासून हा अधिकार पोपकडेच राहिला. आजच्या पायऱ्या : देवसेवक, पूज्य, धन्यवादित, संत. त्या चढायला लागणारा काळ प्रत्येकाचा वेगळा. गोरेगाव पूर्वेला आरे रस्त्यावर, जिथे मुंबईचे भावी धर्मगुरू घडतात, ती सेमिनरी पोप पायस दहावे यांच्या नावाची आहे. ते १९१४ मध्ये वारले आणि १९५४ मध्ये संत घोषित झाले.

चाळीस वर्षे हा वेग फार झाला. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना २६५ वर्षे लागली. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानी भाषा येत असल्याने हे फ्रान्सिस्कन ब्रदर मिशनऱ्यांचे दुभाषे झाले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना २५ साथीदारांसह क्रुसावर मारले गेले. १६२७ मध्ये ते धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी संत झाले.

मराठी ‘संत’ संस्कृत ‘सत्’वरून आला, ‘सेंट’ लॅटिन ‘सांक्तुस’वरून. दोन्हींचे ध्वनिसाम्य योगायोगाचे. चोखामेळा, जनाबाई यांना संतपण कोणत्याही पीठाने बहाल केले नाही. ते वारीने आणि कीर्तनाने मानले. महिपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) संतांची चरित्रे सांगतो, निवाडा करत नाही.

२००८ मध्ये संत घोषित झालेल्या केरळच्या अल्फोन्सा यांना सरसकट ‘पहिल्या भारतीय संत’ म्हणणे चूक आहे. त्या पहिल्या भारतीय महिला संत होत. भारतात जन्मलेले पहिले संत वसईचे गोन्सालो गार्सियाच.