चांदी गेली, वाघ आला

चिंचोळी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून सोलापूरच्या गाडीत बसला असाल, तर हेडफोन नीट लावा. आजचा प्रश्न ओव्हरटाइमच्या पैशांचा आहे. दर वर्षी प्राण्याचं नवं चित्र घेऊन येणारी चांदीची परदेशी नाणी जमवावीत का?

यातला सगळ्यात प्रसिद्ध प्राणी म्हणजे चीनचा पांडा. १९८२ साली तो सोन्याच्या नाण्यावर आला, १९८३ला चांदीच्या. चित्र दर वर्षी बदलायचं. २००२ साली मात्र २००१चंच चित्र पुन्हा छापलं, आणि संग्राहक नाराज झाले. २००३पासून नवा पांडा परत आला. चांदी तर तेवढीच होती ना? मग तक्रार कशाची? चित्राची!

आता आपल्याकडे या. तुमच्या आजीच्या पेटीत राणीछाप किंवा राजाछाप रुपया असेल. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला गेला. राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती होता. पण त्याची सोंड अशी काही उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला! ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली, आणि १९१२ला सोंड नीट करून नवा रुपया काढला. दोन्ही रुपयांत चांदी सारखीच. तरी संग्राहक आज १९११च्या रुपयाला जास्त पैसे मोजतात, कारण तो कमी उरला.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. १९४०मध्ये रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदीही परत करायची होती. म्हणून १९४७चा रुपया निकेलचा निघाला. त्याच्या मागच्या बाजूला काय होतं? ऐटीत चालणारा वाघ! म्हणजे बघा, रुपयावर अख्खा प्राणी आला तेव्हा त्यातली चांदी गेली होती.

आजची ही परदेशी नाणी दोन्ही गोष्टी एकत्र विकतात, प्राणी आणि चांदी. त्यामुळे घेताना किमतीचे दोन भाग करा. वजन आणि शुद्धता बघून त्या दिवसाच्या भावाने चांदीचे पैसे काढा. वर जे उरतं त्यात कर आणि घडणावळ असते, आणि बाकीचे पैसे चित्राचे.

चांदीचे पैसे कुठल्याही सराफाकडे त्या दिवसाच्या भावाने, थोडी घट धरून, परत मिळतात. तो नाणं तराजूत टाकतो, त्याला पांडा काय आणि कोआला काय! चित्राचे पैसे मात्र तेच चित्र हवं असणारा दुसरा माणूस भेटला तरच वसूल होतात. आवड असेल तर जरूर जमवा. पण फक्त बचत करायची असेल, तर प्राण्याचे पैसे कशाला द्यायचे?

घरी एखादा जुना रुपया असेल, तर आज त्याचं साल बघा. आणि हो, घासून चकचकीत करू नका, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते. भेटू पुढच्या भागात!