डोईवरचा रुमाल

‘रुमाल’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. पण तोंड पुसायचे हे फडके मराठी मुलखात डोक्यावर चढले. पागोट्याऐवजी रुमाल बांधण्याची रीत पडली. पेशवे दप्तरातील कागदांचे गठ्ठेही रुमालच म्हणवतात. इंग्रजी ‘कर्चिफ’चा प्रवास नेमका उलटा झाला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘डोके झाकणारे’. सोळाव्या शतकात त्याला ‘हँड’ जोडला गेला आणि ते वस्त्र हातात उतरले.

डोक्यावर राहिलेल्या या कापडाची सक्तीही झाली आहे. उत्तर अमेरिकेतील लुइझियाना प्रांत तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. न्यू ऑर्लिन्समध्ये आफ्रिकी वंशाच्या, पण गुलामीतून मुक्त असलेल्या स्त्रियांचा मोठा वर्ग होता. त्यांपैकी अनेकींची स्वतःची घरेदारे आणि व्यापार होता. केसांत पिसे, दागिने माळून त्या हिंडत, हे वरच्या थरातील गोऱ्यांना खुपे. १७८६ मध्ये गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले: या स्त्रियांनी पिसे, दागिने घालू नयेत, केस रुमालात बांधावेत. कामकरी गुलाम बायका डोक्याला फडके गुंडाळत. म्हणजे मुक्त स्त्रीलाही गुलामाच्या ओळीत बसवायचे, हा त्यातला डाव. सौंदर्याचा, नीतीचा मुद्दा मला तरी वरवरचा वाटतो.

स्त्रियांनी रुमाल बांधला. पण उंची कापडाचा, भडक रंगाचा, उंच गाठींचा. या बांधणीला ‘टिन्यों’ म्हणत. फर्मानात रुमाल बांधा म्हटले होते, कसा ते नव्हते! पुढे १८४० च्या सुमारास जाक आमां या चित्रकाराने लाल रुमाल बांधलेल्या एका क्रिओल स्त्रीचे चित्र काढले. त्यात कुठेही शरमेची खूण नाही.

या रुमालांसाठी एक आवडते कापड होते चौकडीचे सुती ‘मद्रास’. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या विणकरांचा हा माल युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून कॅरिबियन बेटांवर पोचला. रुमालाच्या टोकांवरून बाई अविवाहित की विवाहित हे कळे, असे तिकडे हौसेने सांगतात; त्यातले किती जुने आणि किती पर्यटकांसाठी, हा प्रश्नच आहे. मार्टिनिक आणि ग्वाडलूपमध्ये मात्र सणावारी बायका आजही ते कापड डोक्याला बांधतात, आणि त्याला ‘मद्रास’च म्हणतात.