मोडेमचे आपोआप डायल होणे

१७. ‘मोडेम आपोआप बोलू लागला’ : यात भुताटकी नाही. विंडोज ९८मध्ये ‘इंटरनेट ऑप्शन्स’च्या ‘कनेक्शन्स’ या पानावर तीन पर्याय असत : कधीच डायल करू नये, नेटवर्क नसेल तेव्हा करावे, किंवा ठरलेले कनेक्शन नेहमी डायल करावे. पहिला सोडून दुसरे काही निवडले, की एखाद्या प्रोग्रॅमने बाहेरचा पत्ता मागताच यंत्रणा स्वतःच फोन लावू लागे. मागणारा माणूस आहे की ठरल्या वेळी टपाल तपासणारा आउटलुक एक्स्प्रेस, याच्याशी तिला कर्तव्य नसे. विंडोज एनटी ४.० याहून चतुर : कोणत्या पत्त्यासाठी कोणते कनेक्शन लावले होते, हे तिची ऑटोडायल सेवा लक्षात ठेवी. लिनक्सवर ‘पीपीपीडी’ला ‘डिमांड’ हा पर्याय दिला, की पहिले पॅकेट निघाल्यावरच जोडणी होई; ‘आयडल’ने ठरावीक शांततेनंतर ती तुटेही. ही तुटण्याची सोय महत्त्वाची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा खात्यातले तास आणि टेलिफोनचे बिल असे दोन मीटर एकदम पळत. लेखकाचे वडील रात्री फोनची वायर उपसून ठेवत, तो विक्षिप्तपणा नव्हता. — संपा.