उंदरांच्या बाई

माझी आजी ‘उंदीर पडले’ हे शब्द दबक्या आवाजात उच्चारायची. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलं, तेव्हा घरात उंदीर मरून पडला की घर सोडून रानात झोपडी बांधायची, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेलं. तेव्हा उंदीर कोणी हौसेने पाळतं, हे आपल्या पचनी पडणं कठीणच. (प्लेगचे ते मोठे उंदीर, पाळतात ते इवलेसे. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो.)

गंमत बघा, त्याच सुमारास, १८९५ साली, इंग्लंडमध्ये उंदीर पाळणाऱ्यांनी ‘नॅशनल माऊस क्लब’ काढला. रंग, कान, शेपटी बघून बक्षिसं! जपानी लोक त्यांच्याही शंभर वर्षं पुढे. कोणती जोडी लावली की कोणत्या रंगाची पिल्लं होतात, हे सांगणारी पुस्तिका क्योटोत १७८७ साली छापली गेली होती. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६चा, म्हणजे तब्बल ७९ वर्षांनंतरचा.

पण मला सांगायचंय ते ॲबी लॅथ्रॉप यांच्याविषयी. जन्म १८६८, अमेरिकेतला. आईवडील दोघेही शिक्षक, आणि त्या स्वतःही. म्हणजे आमच्याच जातकुळीच्या! तब्येतीपायी शिकवणं लवकर सुटलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी कोंबड्या पाळून पाहिल्या, ते जमलं नाही. मग १९००च्या सुमारास नाचऱ्या उंदरांची एक जोडी आणली. हे उंदीर गिरक्या घेतात. तो खरं तर कानाच्या आतल्या भागातला दोष, पण बघणाऱ्यांना नाच वाटतो. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. त्यामुळे एका जोडीचा पसारा व्हायला कितीसा वेळ लागणार! पुढे एके काळी बाईंकडे अकरा हजारांवर उंदीर होते. लाकडी खोकी, त्यांत पेंढा, खायला ओट आणि क्रॅकर बिस्किटं. साफसफाईला पैसे देऊन गावातली पोरं लावली होती. मुलांना कामाला लावणं बाईंना कुठलं सुटतंय!

गिऱ्हाइकं सुरुवातीला हौशी होती. मग हार्वर्डचे विल्यम कॅसल आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी उंदीर मागवू लागले. बाईंच्या वहीत कोणाची जोडी कोणाशी, पिल्लं कोणाची, सगळं टिपलेलं असायचं. शास्त्रज्ञांना उंदीर कुठेही मिळाले असते. पण वंशावळीसकट उंदीर देणारं दुसरं कोण होतं?

१९०८च्या सुमारास काही उंदरांच्या कातडीवर त्यांना विचित्र गाठी दिसल्या. दुसऱ्या एखाद्या धंदेवाल्याने ते उंदीर गुपचूप फेकून दिले असते. बाईंनी नमुने तज्ज्ञांकडे धाडले. पेनसिल्व्हेनियाच्या लिओ लोएब यांनी निदान केलं, कर्करोग! मग दोघांनी मिळून दहा निबंध लिहिले. काही घराण्यांत रोग जास्त, काहींत कमी. आणि मादीचे बीजांडकोश काढले तर स्तनाच्या गाठींचं प्रमाण घटतं, हे त्यातून पुढे आलं. लोएब यांनी निबंधांवर बाईंचं नाव घातलं, हा त्यांचा मोठेपणा. इतर बऱ्याच जणांच्या लेखी त्या उंदीर पुरवणाऱ्या बाईच राहिल्या, हे मात्र मला खटकतं.

१९१८ साली बाई गेल्या, पर्निशियस ॲनिमियाने. यकृत खायला घालून हा आजार आटोक्यात येतो, हे जाहीर झालं १९२६ साली. आठच वर्षं!

त्यांच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या एका मादीपासून १९२१ साली काळ्या उंदरांचा एक वंश तयार झाला. जगभरच्या प्रयोगशाळांतून आजही तो सर्वाधिक वापरातला आहे. २००२ साली उंदराच्या जनुकीय आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तो याच वंशाचा. आणि बाईंच्या त्या वह्या? मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा आहे, तिथे त्या जपून ठेवल्या आहेत.